खुराक आणि शिवार : मल्लांच्या रोजच्या आहाराच्या अभ्यासाला प्रस्तावना

पैलवानाची आठवण निघाली की मराठी माणूस त्याच्या डावांआधी त्याचे खाणे सांगतो. अमका एका बैठकीला किती दूध प्यायचा, तमक्याच्या थंडाईत किती बदाम पडायचे, कुणाला कुस्तीच्या आदल्या रात्री किती मटण लागायचे, या गोष्टी पारावर वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि दर पिढीला त्यातला आकडा थोडा वाढतो. कुस्ती कोणत्या डावावर निकाली झाली हे पुष्कळदा कुणाला सांगता येत नाही. खुराक मात्र साऱ्यांना पाठ असतो. लोकांना ज्या गोष्टीचे एवढे कुतूहल आहे, तिच्याकडे अभ्यासाच्या नजरेने कसे पाहावे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. वाचकाला आहारशास्त्राची पदवी असण्याची गरज नाही. चुलीवर भाकरी भाजणारी आई, पहाटे पोरांना उठवणारा वस्ताद आणि कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी, तिघांनाही या विषयात सारखाच प्रवेश आहे.

येथे मांडायचा मुद्दा एकच आहे. खुराक तालमीत खाल्ला जातो, पण ठरतो तो शिवारात आणि घरखर्चाच्या हिशेबात. एका मल्लाच्या अंगावर जे मांस दिसते, त्यामागे गावाचा पाऊस, गोठ्यातली जनावरे, दुधाचा भाव आणि घरातल्या इतरांनी सोडलेला वाटा असतो. म्हणून मल्लांचा आहार हा विषय प्रथिने आणि उष्मांकांच्या तक्त्यापुरता ठेवला तर तो अर्धाच समजतो. अहिल्यानगर जिल्हा हे समजून घेण्यासाठी फार सोयीचा आहे. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीचा मुसळधार पाऊस, तर नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे पर्जन्यछाया. उत्तरेत प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस, दक्षिणेत कोरडवाहू ज्वारी. आणि यात्रा-जत्रांतले कुस्त्यांचे हगामे मात्र सगळीकडे.

या मुद्द्याचा सर्वांत बोलका दाखला नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे गाव देते. हे गाव एके काळी पैलवानांसाठी ओळखले जात असे. पुढे डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, १९७२ च्या दुष्काळाने कंबरडे मोडले आणि लोक पोटासाठी बाहेर पडले. तालीम टिकायला फक्त जागा आणि वस्ताद पुरत नाही. घरात विकून उरेल एवढे दूध लागते. ते नसेल तर सर्वांत आधी पोराची मेहनत थांबते. १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नशाबंदी केली, सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले, पाणी अडवले. चारा वाढला तसे दूध वाढले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला सुमारे १५० लिटर असलेले गावाचे दूध पुढे चार हजार लिटरच्या घरात गेले. पाणलोटाच्या अभ्यासकांनी हे आकडे जलसंधारणाचे यश म्हणून वाचले. मल्लांच्या आहाराच्या अभ्यासकाने तेच आकडे खुराकाच्या अंगाने वाचावेत. त्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागेल : संकलन केंद्रावर गेलेल्या दुधातले घरातल्या लेकरांच्या पेल्यात किती राहिले?

विषय नवा वाटला तरी त्याची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि मल्लांची प्रतवारी, मेहनत व डावपेच यांच्याबरोबर त्यांना काय खाऊ घालावे याचाही विचार आहे. हा खुराक राजाच्या कोठारातून येई. हीच रीत विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोठी केली. १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान ही त्या राजाश्रयाची दिसणारी खूण. संस्थाने गेल्यावर काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन तो भार थोडाफार उचलला. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा मराठीतला या क्षेत्राचा पाया म्हणावा लागेल. इंग्रजीत जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेले पुस्तक १९९२ साली आले. दूध, तूप आणि बदाम यांना मल्ल केवळ अन्न मानत नाहीत, त्यांत ते संयम आणि ब्रह्मचर्याचा अर्थ पाहतात, हे त्यात सविस्तर आले आहे. शास्त्राचा चष्मा लावणाऱ्याने हा अर्थ भाबडेपणा म्हणून झटकू नये. माणूस काय खातो याइतकेच, ते का खातो हेही या विषयाचे अंग आहे.

प्रयोगशाळेनेही या प्रश्नाला लवकर हात घातला होता. रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१८ साली कुन्नूरला सुरू केलेल्या कामातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वाढली. मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांची वाढ मोजली. शीख आहारावरच्या उंदरांचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, पठाणी आहारावर २३०, मराठा आहारावर २२५ आणि तांदळावर आधारलेल्या मद्रासी आहारावर १५५. उंदराचे माप माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही आणि ‘मराठा आहार’ असा एकच आहार तेव्हाही नव्हता. पण अख्खे धान्य, डाळ, दूध आणि भाजीपाला एकत्र आले की शरीर धरते, ही त्यातली शिकवण पक्की आहे. या जिल्ह्यातल्या ज्वारी-बाजरीच्या ताटाला कुणाच्या शिफारशीची वाट पाहायला नको होती.

मग बदलले काय? कुस्ती बदलली. लाल मातीवरची निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चाले आणि जोड नजरेने लावली जाई. तेथे दम, वजन आणि रेटा यांना मोल होते. तूप-लोण्याने अंग भरणे त्या खेळाला शोभत होते. गादीवरची फ्रीस्टाईल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. त्या सहा मिनिटांत स्नायू मुख्यतः स्वतःत साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर, काम करतात. ती साठवण भाकरी, भात, केळी, गूळ यांतून होते; तुपातून होत नाही. तूप वाईट नाही. मात्र लढतीआधी खाल्लेले तूप पोटात रेंगाळते आणि जो खेळ झटक्यांचा आहे, त्याला लागणारे इंधन पुरवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. तीत गादी विभागातून आलेल्या पृथ्वीराज मोहोळने माती विभागातून आलेल्या महेंद्र गायकवाडवर मात केली. या स्पर्धेत माती आणि गादी अजून शेजारी नांदतात, म्हणून आपल्या मल्लाला दोन खेळांचा आहार एकाच शरीरात सांभाळावा लागतो. आपल्या भागातल्या अभ्यासाचे वेगळेपण यात आहे.

आता थोडे मोजमाप. साध्या माणसाला रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मान आहे. कठोर मेहनत करणाऱ्या खेळाडूसाठी आंतरराष्ट्रीय शिफारशी किलोमागे १.२ ते २ ग्रॅमपर्यंत जातात. सत्तर किलोच्या मल्लासाठी १.६ धरले तर दिवसाला ११२ ग्रॅम. हा आकडा ऐकला की पोरे पावडरच्या डब्याकडे पाहू लागतात. त्याआधी घरातले धान्य मोजू. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने, म्हणून पाच मोठ्या भाकरींत ५०. दीड लिटर गाईच्या दुधात जवळपास ५०. साठ ग्रॅम मटकीच्या उसळीत १२ आणि पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२. बेरीज सव्वाशेच्या आसपास, आणि उष्मांक ३,२०० च्या घरात. वर गूळ, तेल, भाजी वेगळी. यात अंडी-मटण धरलेलेच नाही. ज्वारीतली प्रथिने दुधाइतकी पचत नाहीत आणि त्यांत लायसिन कमी असते हे खरे. ती उणीव कडधान्य आणि दूध भरून काढतात. भाकरीबरोबर उसळ खायची रीत ज्यांनी पाडली, त्यांना लायसिन ठाऊक नव्हते, पण ताट बरोबर जमले होते.

बदामाविषयीही असेच. शंभर ग्रॅम बदामात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने, शेंगदाण्यात सुमारे २४, हुलग्यात २२. बदामातले स्निग्ध पदार्थ आणि ई जीवनसत्त्व चांगले आहे, यात वाद नाही. पण थंडाईत वीस बदाम पडले तर त्यांतून मिळणारी प्रथिने चार-पाच ग्रॅमच असतात. ज्या घराला बदाम परवडत नाहीत, त्या घराने खाली मान घालायचे कारण नाही. भिजवलेले शेंगदाणे, हुलग्याचे माडगे, शेंगोळे आणि घुगऱ्या हाही खुराकच आहे. आपल्या तालमींत बदामाला मान आहे आणि हुलग्याला नाही, याचे कारण पोषणात सापडणार नाही. ते प्रतिष्ठेत शोधावे लागेल.

जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून ताट वाचण्याचा सराव अभ्यासकाने करावा. कर्जत-जामखेडच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी, हलक्या रानातली बाजरी, अकोल्याच्या डोंगरातली नाचणी, वरई आणि भात, प्रवरा-गोदेच्या काठी ऊस आणि दूध. नाचणीत प्रथिने कमी, सात ग्रॅमच्या आसपास. पण कॅल्शियम शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. बाजरीत लोह ज्वारीपेक्षा जास्त. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या साथीने ‘धनशक्ती’ हा जास्त लोह असणारा बाजरीचा वाण दिला, तेव्हा शेती संशोधन नकळत तालमीच्या दारात येऊन उभे राहिले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाल, पावटा, भाज्या आणि भाताचे बियाणे जपले आणि त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० साली महाराष्ट्र केसरी झालेला हर्षवर्धन सदगीर याच अकोले तालुक्यातला. बियाण्याचे काम आणि कुस्तीचे काम एका तालुक्यात चालत असेल, तर या दोहोंची गाठ घालून देणे हे अभ्यासकाचे काम आहे.

काय खावे याच्या खालोखाल केव्हा खावे हा प्रश्न येतो, आणि तेथे तालमीच्या सवयी तपासाव्या लागतात. पहाटेची मेहनत उपाशीपोटी, त्यानंतर एकदम मोठा तांब्याभर दूध, दुपारी झोप, संध्याकाळी लढत आणि रात्री जड जेवण, हा क्रम अनेक ठिकाणी चालतो. स्नायूंच्या जडणघडणीसाठी प्रथिने दिवसभरात चार-पाच वेळा थोडी थोडी, एका वेळी वीस ते तीस ग्रॅम, मिळणे अधिक उपयोगाचे. मेहनतीनंतर तासाभरात भाकरी किंवा केळी पोटात गेली तर संध्याकाळच्या लढतीला अंग हलके राहते. यात्रांचा हंगाम नेमका चैत्र-वैशाखात येतो. त्या उन्हात घाम किती गेला हे ओळखायची सोपी युक्ती आहे : मेहनतीआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले तर साधारण लिटरभर पाणी गेले असे धरावे, आणि पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी प्यावे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी दम आणि निर्णय दोन्ही मंदावू शकतात. थंडाईतली बडीशेप, खसखस, वेलदोडा पिणाऱ्याला गारवा देतात. पण घामाबरोबर गेलेले मीठ त्यांतून भरून निघत नाही.

वजनगटांनी आणखी एक संकट आणले. गटात बसण्यासाठी उपाशी राहणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून पळणे, थुंकत राहणे, हे प्रकार आता गावच्या तालमीपर्यंत पोहोचले आहेत. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर अशा घाईच्या वजन-घटीत दगावले, तेव्हा तेथे नियम बदलले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अंतिम फेरीतून बाद झाली, ते साऱ्या देशाने पाहिले. आता वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच होते, त्यामुळे तोडलेले पाणी भरून काढायला वेळ उरत नाही. मोसमाआधीच आपला गट कोणता हे ठरवावे आणि आठवड्याला अर्धा किलो या बेताने उतरावे, हा वस्तादांना देण्यासारखा पहिला सल्ला. वाढत्या वयाच्या मुलांकडून तर वजन उतरवून घेऊच नये. नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या शाळांतून कराटे, ज्युदो, तायक्वांदो शिकणाऱ्या पोरांनाही हे तितकेच लागू आहे. त्यांना वेगळा खुराक नको. पोटभर घरचे जेवण, सकाळची न्याहारी आणि पुरेशी झोप हवी.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडसारख्या मल्लांनी जिल्ह्याचे नाव गाजवले आणि गावोगावच्या तालमींचे दार मुलींना उघडले. पण जुना खुराक पुरुषाच्या शरीरासाठी आणि घरातल्या पुरुषाच्या मानासाठी घडला होता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४.२ टक्के, स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा घरातून मुलगी आखाड्यात येते, तेव्हा तिच्या ताटात लोह आणि उष्मांक दोन्हींची तूट असण्याची शक्यता मोठी. मेहनत वाढली आणि जेवण वाढले नाही तर पाळी अनियमित होते, हाडे कमकुवत होतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या ऊर्जेच्या तुटीकडे लक्ष वेधले आहे. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासणे, बाजरी, हुलगा, पालेभाज्यांबरोबर लिंबू किंवा आवळा घेणे, जेवणाला चिकटून चहा न पिणे, या गोष्टी स्वस्त आहेत. घरात आधी कोणाला वाढले जाते, हा प्रश्न मात्र पैशाने सुटणारा नाही.

डब्यातल्या पावडरींबद्दल थोडक्यात. प्रथिनांची चांगली पावडर ही मुळात दुधाचीच एक रीत आहे. ज्याला जेवणातून भागत नाही, प्रवास फार आहे, त्याने ती घ्यायला हरकत नाही. धोका लेबलवर न लिहिलेल्या गोष्टींचा. कोणत्या भेसळीतून उत्तेजक द्रव्य अंगात आले हे सांगून खेळाडूची सुटका होत नाही. अंगात जे सापडेल त्याला तोच जबाबदार, असा उत्तेजकविरोधी नियम आहे. जो डबा कोणी ‘लवकर अंग भरते’ म्हणून बिनपावतीचा हातात देईल, तो परत करावा. तसाच दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे कुस्ती सुटल्यानंतरचे खाणे. मेहनत थांबते, खुराकाची सवय राहते आणि चाळिशीत साखर, रक्तदाब, गुडघे मागे लागतात. खुराक चढवायला शिकवणाऱ्या वस्तादाने तो उतरवायलाही शिकवले पाहिजे.

या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्याला एक कामाची सूचना करून थांबतो. आपल्या जवळची एक तालीम निवडावी आणि तेथल्या पोरांचे आठवडाभराचे खाणे जसे आहे तसे लिहून काढावे : किती भाकरी, कोणत्या धान्याची, दूध घरचे की विकतचे, उसळ आठवड्यातून कितीदा, घरून येणारा डबा कोण करते आणि खर्च कोण सोसते. शेजारच्या रकान्यात रोजचे वजन आणि पाणी. लिहिणाऱ्याने त्या आठवड्यात कुणालाही सल्ला देऊ नये. नोंद पुरी झाली की वस्ताद आणि आई दोघांसमोर ती वाचावी. एवढे केले तरी उणीव कुठे आहे ते पुष्कळदा आपोआप दिसते : कुणाला प्रथिने पुरतात पण भाकरी कमी पडते, कुणी सगळे दूध रात्रीच पितो, कुणाचा डबा एसटी चुकली की येतच नाही. पाथर्डीच्या आणि अकोल्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तालुक्यागणिक वेगळा खुराक का हवा, हे कळेल. अशा शंभर वह्या जमल्या तर या जिल्ह्याच्या मल्लांसाठी इथल्या पिकांवर, इथल्या उन्हावर आणि इथल्या मिळकतीवर बेतलेले आहारमान तयार करता येईल. परक्या मुलखातले तक्ते तोवर वाटाड्याचे काम करतील. वाट आपल्यालाच पाडायची आहे, आणि तिच्यावर प्रत्येक वाचकाचे स्वागत आहे.